पत्रकातला दोनशे अठराचा आकडा

तुमच्या हातात कुणी पत्रक दिलं, तर त्यातला आकडा कुणी मोजला आणि कशाने मोजला, असं तुम्ही देणाऱ्याला कधी विचारलं आहे का? मी किती पत्रकं वाटली त्याची मोजदाद नाही. पौडच्या एसटी स्टँडवर, बाजाराच्या दिवशी, तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर. लोक घडी घालून खिशात ठेवतात. काही जण वाचतातही. पण हा प्रश्न मला एकानेही विचारला नाही. दोन हजार नऊच्या सुरुवातीला विचारला असता, तर मी गडबडले असते आणि एका माणसाचं काम वाचलं असतं.

आमच्या घरी पत्रकं बाहेरून येत नसत, घरातूनच जात. वडील शाळेत शिक्षक होते आणि संध्याकाळी स्टेन्सिल कोरायचे. मागच्या खोलीत सायक्लोस्टाइल यंत्र होतं. धरणग्रस्तांची पत्रकं, रेशनची, दारूबंदीची. मी अक्षरं ओळखायला शिकले ती ‘जाहीर आवाहन’ या दोन शब्दांवरून. वडिलांचा एक आग्रह असे. विशेषणं कमी करा आणि एक तरी आकडा द्या. विशेषणाला कुणीही उत्तर देतं, आकडा दिला की समोरचा गप्प बसतो. ते गेले, यंत्र भंगारात गेलं, मी डीटीपीवाल्याकडे जाऊ लागले. तो आग्रह मात्र माझ्यात राहिला, आणि वडील स्वतः आकडा कसा मिळवायचे हे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

त्या सुमाराला आमच्या बाजूच्या एका टेकडीमागे गोल्फचं मैदान झालं होतं. नऊ होल आणि कडेला सरावाची लांबट पट्टी. पट्टीभोवती तारेचं कुंपण आलं, आणि त्या कुंपणात गुरांची गायरानाकडे जाणारी वाट अडकली. वाट कागदावर नव्हती. ती फक्त जमिनीवर होती, गुरांच्या खुरांनी झालेली. गुराख्यांना टेकडीला वळसा घालून जावं लागे. माझं वय तेवीस. मी भूगावच्या नव्या सोसायट्यांमध्ये मुलांच्या शिकवण्या घ्यायचे आणि पौडला राहायचे. आम्ही तिघांनी मिळून वाटेसाठी एक समिती काढली होती. तिची पत्रकं मी लिहायचे.

शिकवणी संपली की मी एसटीची वाट बघत एका पत्र्याच्या शेडमध्ये बसायचे. शेड दादांची होती. दादा मूळचे सायकलवाले, याच तालुक्यातले, घरची थोडी शेती. सगळे त्यांना दादाच म्हणत. मी त्यांच्याकडे पत्रकांचे गठ्ठेही ठेवायचे. ते एकेक पत्रक पूर्ण वाचायचे.

गोल्फ त्यांच्याकडे कसं आलं ते त्यांनीच मला सांगितलं. एक निवृत्त लष्करी अधिकारी, ज्यांना आम्ही सगळे कर्नलसाहेब म्हणायचो, मोडलेला क्लब, म्हणजे गोल्फचा चेंडू मारायची काठी, घेऊन वेल्डिंगसाठी आले. दादांनी वेल्डिंगला नकार दिला. “म्या म्हनलं, साहेब, वेल्ड करून देतो, पर पुढच्या फटक्याला ह्याचं डोकं तुमच्या गड्याच्या डोक्यात जाईल.” त्यांनी तो क्लब ठेवून घेतला, डोकं तापवून दांडीपासून सोडवलं, आत पाहिलं, आणि त्यांना कळलं की ही सगळी करामत चिकटवण्याची आहे. डोकं दांडीला चिकटवलेलं, मुठीचं रबर दांडीवर चिकटवलेलं. जुनं रबर चिरून काढायचं, दोन्हीकडून चिकटणारी टेप गुंडाळायची, थिनर ओतायचं आणि नवी मूठ एका दमात सरकवायची. मध्ये थांबलात तर ती तिथेच बसते, परत हलत नाही. वर्षभरात मैदानावरचे पंधरा-वीस जण त्यांच्याकडे येऊ लागले.

नव्या गिऱ्हाइकाला दादा आधी अंगण झाडायला लावत. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एक आयटीवाला आला होता. लातूरकडचा, भूगावात फ्लॅट घेतलेला, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा.

“साहेब, खराटा घ्या आन् हितनं तितपत्तुर झाडा,” दादा म्हणाले.

“मी?”

“आपल्या घरी झाडता तसं.”

“घरी मी झाडत नाही.”

“ते दिसतंयच. अंगठा बगा कसा धरलाय.”

कर्नलसाहेब टायरवर बसून चहा पीत होते. “झाड, झाड,” ते म्हणाले. “मला यानं दोनदा लावलं होतं. पहिल्यांदा म्हणाला, नीट न्हाई झालं.”

तो झाडू लागला. दादा उकिडवे बसून मातीवर उठलेल्या रेघा बघत होते. “खराट्याची टाच घासतीया, टोक हवेत. क्लबची दांडी लांब हाय तुमाला. बोटभर कापतो.” असं दादा माणसाचं माप घ्यायचे. खराट्याचा लांब दांडा, अंगणातली बारीक माती, आणि माणूस सहज वाकला की खरा कसा वाकतो ते. पुण्यातल्या दुकानात यासाठी लाकडी फळी आणि टेप असते असं आयटीवाला म्हणाला. पुढच्या आठवड्यात तो आणखी दोन क्लब घेऊन आला.

मी कोपऱ्यात बसून ऐकायचे. मला राग यायचा. तिकडे गुरं टेकडीला वळसा घालत होती आणि इकडे दोन शिकलेली माणसं मुठीच्या रबरात दोरा विणलेला असावा की नसावा यावर अर्धा तास बोलत होती. आणि तरी, आज लिहिताना लपवण्यात अर्थ नाही, मला ते बोलणं आवडायचं. कर्नलसाहेब स्टीलच्या दांडीचे, आयटीवाला ग्रॅफाइटचा.

“सर, वजन निम्मं होतं. स्पीड वाढतो.”

“चूक केलीस की स्टील हाताला झिणझिण्या आणतं. ग्रॅफाइट तुझी चूक गिळून टाकतं. मग तू शिकणार काय?”

“मला शिकायचं नाही, सर, लांब मारायचंय.”

दादांना विचारलं तर ते म्हणाले, “ग्राफाइटला ज्योत जरा जास्त लागली का आतनं जळतं, वरनं काय दिसत न्हाई. स्टील मोडलं तर मोडल्यालं दिसतं. मला कामाला तेच बरं.”

त्या हिवाळ्यात दादांच्या मनात एकच गोष्ट होती. शेडची जागा मालकाने बिल्डरला विकली होती, पावसाआधी शेड पाडणार होते. आणि कर्नलसाहेबांनी मैदानवाल्यांकडे शब्द टाकला होता की सरावाच्या पट्टीशेजारची रिकामी खोली क्लब दुरुस्तीसाठी दादांना द्यावी. पाडव्यापासून. दादांनी पत्र्यावर खडूने त्या खोलीचा नकाशा काढला होता. चिमटा कुठे, दांड्या उभ्या ठेवायची फळी कुठे, खिडकी उत्तरेला आहे तर मूठ बसवायचं काम तिथे. मला दाखवून म्हणाले, “ताई, तुमी त्या मैदानाच्या नावानं बोटं मोडता ते मला समजतंय. वाट बंद झाली ते वाईटच झालं. पर मला त्या खोलीत जायचंय. उन्हापावसात लई काम केलं.”

मी म्हटलं, “दादा, तुमच्याबद्दल काही नाही.” मी ते मनापासून म्हटलं होतं.

मग ते यंत्र आलं. आयटीवाल्याने परदेशातून मागवलं होतं, मोबाइलपेक्षा थोडं जाड, हिरव्या रबरात बसवलेलं. तो ते हातावर ठेवून समजावू लागला. “चेंडूपाशी बटन दाबायचं, फटका मारायचा, चालत जायचं, चेंडू सापडला की परत दाबायचं. किती लांब गेला ते उपग्रहावरून मोजून सांगतं. प्रत्येक फेरीतले सगळे फटके साठवून ठेवतं.”

“आणि चेंडू सापडला नाही तर?” कर्नलसाहेब म्हणाले.

“मग नाही सांगत.”

“मग तुला याचा उपयोग काय?”

आयटीवाला हसला, पण त्याने त्यात साठवलेला एक फटका काढून दाखवला. दोनशे एक्कावन्न. हा फटका त्याने त्या महिन्यात प्रत्येकाला दाखवला, मलाही. “उताराला मारलास आणि वारा पाठीमागून होता,” कर्नलसाहेब म्हणाले. “मशीनला वारा दिसत नाही, सर.” आकडे ते असे नुसतेच बोलायचे. दोनशे एक्कावन्न, एकशे चाळीस. कशाचे, ते सांगायची त्यांच्यात कुणाला गरज पडत नव्हती.

जानेवारीत त्या यंत्राचा बॅटरीशी जोड सुटला. आयटीवाल्याला कामासाठी आठवडाभर अमेरिकेला जायचं होतं. तो ते दादांकडे टाकून गेला. दादांनी दुपारभरात डाग देऊन ते चालू केलं आणि वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात, फडक्यात गुंडाळून ठेवलं.

त्याच दिवसांत मी पत्रक लिहीत होते आणि माझ्याकडे आकडा नव्हता. वाट बंद झाली, हे वाक्य होतं. पण वाटेला कागद नव्हता. मला वाटलं, पट्टीच जर मैदानवाल्यांच्या हद्दीबाहेर आली असेल तर? मोजणीच्या नकाशाची नक्कल मी काढली होती. रस्त्याकडच्या बाजूने पट्टीची रुंदी दोनशे मीटर. प्रत्यक्षात किती, ते मोजायला मला कुणी आत सोडलं नसतं. कुंपणाच्या बाहेरून चालत जाणं एवढंच शक्य होतं.

एका सकाळी दादांना पौडला काम निघालं. “ताई, दुपारपत्तुर दुकानाकडं बगा जरा,” असं सांगून ते गेले. मी अर्धा तास बसले. मग डबा उघडला, यंत्र पिशवीत टाकलं, शेडच्या दाराला साखळी लावली आणि टेकडी चढले. दवाने गवत ओलं होतं. कुंपणाच्या एका कोपऱ्याच्या खांबाशी बटन दाबलं, दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत चालले, दाबलं. दोनशे अठरा. विश्वास बसेना म्हणून यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं आणि उलट चालत आले. दोनशे सतरा. तिसऱ्यांदा तसंच केलं, पुन्हा दोनशे अठरा. आकड्याच्या बाजूला एक बारीक इंग्रजी वाय होता. तो मला दिसला होता. बटनाची काहीतरी खूण असेल असं वाटलं. मी तीन वेळा मोजलं याचा मला अभिमान वाटत होता. दादा यायच्या आत यंत्र डब्यात परत गेलं होतं.

पत्रक निघालं. तिसरा परिच्छेद असा होता: ‘कागदावर दोनशे मीटर, जमिनीवर दोनशे अठरा. हे अठरा मीटर कुणाचे?’ मी आजवर लिहिलेलं ते सगळ्यात चांगलं वाक्य होतं. बाजारात लोक ते एकमेकांना वाचून दाखवत होते. आमचं निवेदन गेलं, मैदानवाल्यांनीही स्वतःहून मोजणी मागितली, आणि मार्च लागताच सरकारी मोजणीदार आला. आम्ही तिघं आणि गावातली दहा-बारा माणसं कुंपणाशी उभी होतो. त्याने शांतपणे मोजलं, खुणा जुळवल्या आणि सांगितलं, रुंदी दोनशे मीटर, बरोबर. मला वाटलं, त्याला कुणी तरी भेटलं असणार. मी तसं दोघांतिघांना बोलूनही दाखवलं. त्या माणसाची मी आजवर माफी मागितलेली नाही, ती इथे मागते.

दोन दिवसांनी संध्याकाळी मी शेडमध्ये बसले होते. कर्नलसाहेब होते, दादा एका क्लबचं डोकं चिमट्यात धरून घासत होते. आयटीवाला आला. एका हातात माझं पत्रक, दुसऱ्या हातात यंत्र.

“सर, हे बघा. पत्रकात दोनशे अठरा. आणि हे मशीनमध्ये. दोनशे अठरा, दोनशे सतरा, दोनशे अठरा. तीन फेऱ्या, एकाच रेषेवर, कुंपणाच्या कडेने. तारीख बघा. मी तेव्हा अमेरिकेत होतो.”

कर्नलसाहेबांनी चष्मा लावला.

“आणि गंमत म्हणजे हे यार्ड आहेत,” तो म्हणाला आणि खरंच हसला. “हा वाय दिसतोय ना? दोनशे अठरा यार्ड म्हणजे दोनशे मीटरच होतात. समितीवाल्यांनी आमची हद्द अगदी बरोबर मोजून दिलीय.” मग त्याचं हसू गेलं. “पण यात वीसच फेऱ्या मावतात. तीन नव्या घातल्या तर तीन जुन्या पुसल्या. माझा दोनशे एक्कावन्न गेला.”

कर्नलसाहेबांनी यंत्र परत दिलं आणि दादांकडे पाहिलं. “कुणाला दिलं होतंस?”

“कुनाला न्हाई.”

“मग हे आपोआप चालत गेलं?”

दादांचा हात थांबला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “माझ्या डब्यात व्हतं. माझ्याकडं आसताना झालं, मंजी माझंच.”

माझ्या मांडीवर पिशवी होती. पिशवीत त्याच पत्रकाचा उरलेला गठ्ठा. पत्रकावर फक्त समितीचं नाव होतं. त्या दोघांच्या लेखी मी एसटीची वाट बघणारी एक शिकवणीवाली होते, त्यांना माझा संशयही आला नाही. मला फक्त ‘मी घेतलं होतं’ इतकंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. मनात मी स्वतःला सांगत होते की मी बोलले तर समिती चोर ठरेल, वाटेचा प्रश्न संपेल, व्यक्तीपेक्षा प्रश्न मोठा. हे वाक्य मी लहानपणापासून छापील अक्षरात वाचत आले आहे. तेव्हा ते किती सोयीचं झालं.

“लोक महागाच्या वस्तू विश्वासानं ठेवतात,” कर्नलसाहेब हळू आवाजात म्हणाले. “मी तुझ्यासाठी शब्द टाकला होता. खोलीचं आपण नंतर बघू.”

“व्हय साहेब,” दादा म्हणाले.

एसटी आली आणि मी तिच्यात बसून गेले.

नंतर कुणी काही बघितलं नाही. पाडव्याला ती खोली बंदच होती. हळूहळू मैदानावरच्या लोकांनी क्लब पुण्याला पाठवायला सुरुवात केली. मे महिन्यात शेड पाडली. पत्र्यावरचा खडूचा नकाशा पत्र्यासकट ट्रॅक्टरमध्ये गेला. आणि ज्या प्रश्नासाठी मी गप्प बसले त्याचं काय झालं म्हणाल, तर यार्डांची गंमत मैदानावरून गावभर झाली होती, आणि वाटेचा विषय काढला की लोक म्हणायचे, “ते यार्डवालं का?” वाट खरोखर बंद झाली होती. आजही बंद आहे. माझ्या अठरा मीटरांनी खरी गोष्ट खोट्यात जमा केली. समिती आपोआप संपली.

यंदा, दीडेक वर्षाने, मी दादांना भेटायला पिरंगुटला गेले. ते एका फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या जोडतात. जेवणाच्या सुट्टीत आम्ही बाहेर सळयांच्या ढिगावर बसलो. मी सांगितलं. त्यांनी भाकरी संपेपर्यंत ऐकून घेतलं.

“मला ठावं व्हतं,” ते म्हणाले. “फडकं वलं व्हतं अन् त्याला कुसळं चिकटल्याली. दुकानात कुठनं येत्यात कुसळं?”

“मग तुम्ही तेव्हा माझं नाव का नाही सांगितलं?”

“तुमी तितंच बसल्या व्हत्या की. तुमचं तुमी सांगाल आसं वाटलं.” त्यांनी पाण्याची बाटली तोंडाला लावली, पुसली. “खोली मिळाली आसती का न्हाई ते सोडा. तुमी तोंड उघडलं आसतं तर मला बरं वाटलं आसतं.”

मी कर्नलसाहेबांकडेही गेले. त्यांनी मला बसवलं, सगळं ऐकलं. मग म्हणाले, “मी त्याला नीट विचारायला हवं होतं.” ती खोली आता पुण्याच्या एका दुकानाला दिलेली आहे. करार झालेला आहे. ते म्हणाले, पाहतो. मला नाही वाटत काही होईल.

मी दादांना विचारलं होतं की हे सगळं मी लिहून छापू का. ते म्हणाले, “लिवा. माझं नाव नका घालू. पर तुमचं काय ते लिवा.” म्हणून या लेखात कुणाचंच नाव नाही, फक्त मी काय केलं ते आहे.

ते पत्रक अजून घराघरांत आहे, मला माहीत आहे. कपाटातल्या फळीवर अंथरलेलं असेल, वहीला कव्हर घातलेलं असेल, देवघराच्या मागे सारलेलं असेल. तुमच्या तालुक्यातलं असेल, तर शोधा. वाट बंद झाल्याचं वाक्य खोडू नका, ते खरं आहे. तिसऱ्या परिच्छेदातला आकडा खोडा, आणि बाजूला पेनाने लिहा की मोजायचं यंत्र पत्रक लिहिणारीने न विचारता उचललं होतं, दुरुस्ती करणाऱ्याने ते कुणालाही दिलं नव्हतं. लिहून झालं की ते पत्रक मैदानावर जाणाऱ्या कुणाला तरी वाचायला द्या.